सध्या तरी घेत नाहीत

मास्तर सकाळी येऊन गेले. म्हणाले, "वहिनी, दोन पानं लिहून द्या त्यांच्याबद्दल. बाकीच्या गावच्या आपल्या माणसांना वाचायला पाठवू. फक्त नाव घालायचं नाही, नियम आहे आमचा." मी म्हटलं, त्याची काळजी नको, उखाणा सोडला तर मी ह्यांचं नाव कधी घेतलेलंच नाही. मास्तर हसले आणि मग दारातच डोळे पुसत उभे राहिले. तुमच्या बुधवारच्या गटातला सगळ्यात जुना माणूस, शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेला, तो असा रडतोय म्हटल्यावर मी रडून कसं चालेल? चहा टाकला.

तर लिहिते. पण तिऱ्हाइताला सांगितल्यासारखं तुमच्याबद्दल लिहायला मला जमत नाही. तुम्हालाच लिहिते. आपलं भांडणही अर्धं राहिलंय, ते मिटवायला दुसरी जागा नाही.

प्यायच्या दिवसांचं मी फार लिहिणार नाही. ज्या घरात ते असतं त्या घराला सांगायला लागत नाही आणि ज्या घरात नसतं त्याला सांगून कळत नाही. तुम्ही उद्यमनगरात फौंड्रीत पॅटर्न करायचा. लोखंड ओतायच्या आधी त्याचा लाकडाचा नमुना करायचा, केसाचा फरक चालत नाही त्यात. हात थरथरायला लागल्यावर दोन कारखान्यांनी काढून टाकलं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. दिवसभर लोकांची बोलणी जोडून द्यायची आणि घरी यायचं ते कुणाशी न बोलता झोपायचं. वंदना तेव्हा शाळेत होती. ती घरात मैत्रिणी आणायची नाही, एवढंच लिहिते.

मी उपाय थोडे केले? तुम्हाला माहीत नाही, पण गडहिंग्लजच्या एका बाबानं दिलेली पुडी मी महिनाभर तुमच्या आमटीत घालत होते. तुम्हाला जुलाब लागले तेव्हा तुम्ही हॉटेलच्या भज्याला शिव्या दिल्यात. भजी बिचारी चांगली होती. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगून टाकते.

आणि जोतिबा. तीनदा डोंगर चढून तुम्ही देवासमोर शपथ घेतलीत. तीनही वेळा मी खाली आल्यावर गल्लीत पेढे वाटले. पहिल्यांदा शपथ दीड महिना टिकली, दुसऱ्यांदा आठवडा. तिसऱ्यांदा तर पेढे वाटून मी घरी येते तोवर तुम्ही पिऊन आला होता. शेजारच्या काकू ओच्यात पेढा धरून दारात उभ्या होत्या, त्यांना तो खावा की ठेवावा कळेना. त्या दिवशी मी ठरवलं, आता पुन्हा ह्या माणसाबद्दल चांगलं म्हणून तोंडातनं काही काढायचं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यातनं आलंय.

मग तो उन्हाळा. बुधवारी संध्याकाळी तुम्ही केस विंचरून निघालात आणि म्हणालात, "आज जरा बसणार हाय आम्ही. उशीर न्हाय करत."

आता कोल्हापुरात गडीमाणूस 'बसणार हाय' म्हणाला की त्याचा अर्थ विचारायला लागत नाही. मी म्हटलं, बसा. दुसऱ्या बुधवारी पुन्हा तेच. मी विचारलं, कुठं बसता? तुम्ही म्हणालात, "शाळेत." म्हटलं, वा! गुत्ते संपले, आता शाळा. तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग चपला घालून निघून गेलात.

तिसऱ्या बुधवारी मी ड्यूटी बदलून घेतली आणि तुमच्या मागनं आले. शाहूपुरीतली प्राथमिक शाळा, पोरं सुटून गेलेली, कोपऱ्यातल्या एका वर्गात दिवा. आत सात गडी, पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीला लावून बसलेले. भिंतीवर सरस्वतीचा फोटो. मध्ये टेबलावर किटली आणि काचेचे ग्लास. ते ग्लास बघितले आणि माझं डोकंच फिरलं.

मी दारातनंच सुरू केलं. "लाजा वाटतात का? सकाळी पोरं हितं बाराखडी म्हणत्यात, संध्याकाळी तुम्ही हितं ढोसता व्हय? ह्यांची न्हाई राहिली, तुमची तरी कुणाची राहिलीय का? घरात पोरगी हाय, तिला वह्या न्हाईत, आणि हितं बाप बसलाय सरस्वतीसमोर!" आणखी बरंच काय काय बोलले. जोतिबा काढला, पेढे काढले, गेलेल्या नोकऱ्या काढल्या. ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की मी लोकांना सांगते, वेळ झाली. माझी स्वतःची दहा मिनिटं तरी झाली असतील. मजा म्हणजे एकानंही मध्ये तोंड उघडलं नाही. कुणी हसलं नाही, कुणी 'ओ बाई' म्हटलं नाही. सगळे मान खाली घालून ऐकत होते. तुम्ही तर जमिनीकडंच बघत होता.

मला दम लागला तेव्हा एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उठले, तेच मास्तर. म्हणाले, "वहिनी, मनातलं बोललात. आभारी आहे." आणि बाकीचे सगळे एका सुरात म्हणाले, "आभारी आहे." एसटीचा एक कंडक्टर होता, तो तर हात जोडून म्हणाला.

मला वाटलं, चढलीय सगळ्यांना. पुढं झाले आणि टेबलावरचा ग्लास उचलून वास घेतला. आल्याचा चहा होता.

मास्तरांनी मला बाक दिला. सांगितलं, इथं जो बोलतो त्याला मध्ये तोडायचं नाही आणि शेवटी आभार मानायचे, एवढाच रिवाज. आम्ही सगळे दारूनं वाया गेलेले, एकमेकांना धरून बसतो. मग तुमची पाळी आली. तुम्ही उठलात, नाव सांगितलंत आणि म्हणालात, "मी दारुडा हाय. आज सोळा दिवस झालं, घेतली न्हाय."

सोळा दिवस! मी त्याच घरात राहत होते. त्याच ताटाशेजारी ताट मांडत होते. आणि मला पत्ता नाही. तुम्ही दारू लपवली तर मला कोसावर वास यायचा, आणि सोडलीत तेव्हा नाक कुठं होतं माझं? खरं सांगू, मी तुमच्याकडं बघायचंच सोडून दिलं होतं. त्या बाकावर बसून मला तुमचा राग आला नाही, स्वतःचा आला.

तुम्ही पहिल्यांदा तिथं कसे पोचलात तेही मी त्या वर्गातच ऐकलं, घरात नाही. प्यायला बसायचं म्हणून तुम्ही भडंग घेतलेलं. पुडीचा कागद संपत आल्यावर वाचलात, तर त्यावर चार ओळींची जाहिरात, दारू सोडायची इच्छा असेल तर बुधवारी सहा वाजता अमुक शाळेत या. कागदाला तेल लागलेलं, शाळेचं नाव निम्मं गेलेलं. तुम्ही त्या बुधवारी दोन चुकीच्या शाळांत जाऊन आलात आणि एका शिपायानं तुम्हाला हाकलून दिलं. पुढच्या बुधवारी सापडली ती शाळा, पण फाटकातनं परत फिरलात. मास्तर नेमके चहापूड घेऊन येत होते. ते म्हणाले, "या की पावणं, किटली धरायला एक माणूस पाहिजेच हाय." तुम्ही किटली धरून आत गेलात.

घरी येताना मी विचारलं, मला सांगितलं का नाही? तुम्ही म्हणालात, "तीनदा द्येवाला सांगून झालतं. चौथ्यांदा कुणाला सांगू?"

त्यानंतर अकरा वर्षं. एक बुधवार चुकला नाही तुमचा, पंचगंगेला पूर आला तेव्हाही नाही. महिन्याच्या शेवटच्या बुधवारी घरच्यांना यायची परवानगी असायची, मीही यायची. तिथं कुणी उपदेश करत नाही हे मला फार बरं वाटायचं. माणसं फक्त आपापलं सांगतात. वकील असो नाहीतर गुऱ्हाळावरचा गडी, गुडघे सगळ्यांचे छातीलाच. काही टिकले, काही पुन्हा गेले, एक-दोघं परत आले तेव्हा तुम्ही त्यांना विचारलं नाहीत की इतके दिवस कुठं होता. चहाचा ग्लास हातात द्यायचा तुम्ही. फौंड्रीत परत घेतलं. हात सुधारले. वंदनाच्या मैत्रिणी घरी यायला लागल्या आणि तुम्ही त्यांना लाकडाच्या ढलपीची चिमणी करून द्यायचा. संध्याकाळची ड्यूटी असली की एक्स्चेंजच्या दारात सायकल घेऊन उभे. माझ्या मैत्रिणी चेष्टा करायच्या, मी वरनं तोंड वाकडं करायची आणि आतनं सुखावायची. आज कबूल करते.

आता भांडणाचं.

तुमचं पहिलं वर्ष झालं तेव्हा पेढेवाल्या काकूंनी विचारलं, "सोडली व्हय गं मालकांनी?" माझ्या तोंडात आलं होतं, व्हय, सोडली. पण तो ओच्यातला पेढा आठवला. मी म्हटलं, "सध्या तरी घेत न्हाईत."

तेच मग तोंडात बसलं. भावानं विचारलं, सध्या घेत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, सध्या घेत नाहीत. तुमचे धाकटे भाऊ, बापू भावजी, मलकापूरहून तांदूळ घेऊन यायचे तेव्हा हळूच विचारायचे, "वयनी, दादाचं कसं हाय?" सध्या बरं आहे, घेत नाहीत. तुम्ही तिथंच जेवत असायचा. ऐकून घ्यायचा.

एकदाच बोललात. वंदनाला बघायला कसबा बावड्याची मंडळी आली होती. चांगलं स्थळ होतं, साखर कारखान्यात मुलगा. त्या बाईंनी स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं, आमच्या कानावर आलंय, पावणं घेतात म्हणे? मी सवयीनं म्हटलं, सध्या नाही घेत. बाईंचा चेहरा तिथंच बदलला. पोहे अर्धे टाकून मंडळी उठली. मंडळी गेल्यावर तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसलात.

"सुमे, सा वरसं झाली. किती वरसं सध्या?"

मी म्हटलं, "तुम्हीच म्हणता की तिथं उभं राहून. आजच्यापुरती घेतली न्हाय, उद्याचं उद्या. मग मी म्हटलं तर काय बिघडलं?"

"मी म्हणायचं येगळं. माझा माझ्यावर भरवसा न्हाय म्हणून मी म्हणतो. तू कशापायी म्हणतीस?"

मी म्हटलं, भाजी करपतीय, सरका. भाजी करपत नव्हती. तुम्ही सरकलात. वंदनाचं पुढं इचलकरंजीला चांगलं झालं, त्या माणसांना तुम्ही स्वतः सगळं सांगितलंत आणि तरी त्यांनी मुलगी केली. पण ते भांडण तिथंच राहिलं.

आणि एक आहे. ते मास्तरांना दाखवायचं की नाही मी अजून ठरवलेलं नाही. तुमची आई गेली तेव्हा आपण गावी होतो. दहन करून सगळे परत आले, तुम्ही नाही. दोन तास झाले, तीन झाले. बापू भावजी म्हणाले, "येष्टी स्टँडाकडं गेल्ता दादा." स्टँडाकडं काय आहे ते सगळ्या गावाला ठाऊक. तुम्ही आलात तेव्हा ओसरीवर भरून माणसं होती. मी उठले, सगळ्यांच्या देखत तुमच्यासमोर गेले आणि म्हटलं, तोंड उघडा. आई जाळून आलेल्या माणसाला. तुम्ही मान वाकवलीत, तोंड माझ्या नाकाजवळ आणलंत आणि श्वास सोडलात. काही नव्हतं. तुम्ही आत जाऊन भिंतीला टेकून बसलात. माझं चुकलं. किती सोपं आहे म्हणायला, लिहायला दोन शब्द. घरात चार वर्षं तोंडातनं निघाले नाहीत.

परवा मास्तरांनी सांगितलं की त्या दिवशी तुम्ही स्टँडाजवळच्या दारूच्या दुकानासमोर तीन तास बसला होता. आत गेला नाहीत. पुढच्या बुधवारी ते सगळं गटात सांगितलंत. माझ्या वास घेण्याचं सांगितलं नाहीत. मी मास्तरांना दोनदा विचारलं, नक्की? ते म्हणाले, नाही, वहिनी, त्याबद्दल काही बोलले नाहीत.

तुम्ही गेलात ते फौंड्रीत, हातात रंधा असताना, चहाच्या सुट्टीआधी. त्याचं काय लिहायचं? सगळ्यांना माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी पंचगंगेवर रक्षाविसर्जन. तुमच्या गटाची माणसं आली होती, अकरा जण, एका बाजूला रांगेत उभी, कुणाशी ओळख नाही, कुणाला नाव सांगायचं नाही. नैवेद्य मांडला. शेवेचा लाडू, भात, चहाचा कप, वंदनानं केलेला रस्सा. आणि कावळा शिवेना. समोरच्या झाडावर चार बसलेले, बघायचे आणि मान फिरवायचे. अर्धा तास गेला, पाऊण गेला. भटजी घड्याळ बघायला लागले. बायका कुजबुजायला लागल्या, काहीतरी राहिलंय बघा मनात. वंदना म्हणाली, "आप्पा, आईला मी बघते, काळजी करू नका." कावळा हलला नाही. जावई बोलला, कारखान्याचे मालक बोलले. काही नाही.

तेव्हा बापू भावजी पुढं आले. पिशवीतनं एक क्वार्टर काढली, टोपण फिरवलं आणि नैवेद्याच्या पानाशेजारी ठेवली.

त्याचा वास माझ्यापर्यंत आला. मी म्हटलं, "भावजी, हे काय?"

ते घाबरले. बिचाऱ्यांना वाईट हेतू नव्हता, डोळ्यात पाणी होतं. म्हणाले, "वयनी, ज्याचा जीव जेच्यात... ठेवत्यात की. दादाला आवडायची."

"त्यांनी अकरा वर्षं शिवलेली न्हाई."

"व्हय, पर तूच म्हणायचीस की, सध्या घेत न्हाईत. मला वाटलं, अधनंमधनं चालत असंल. तू पांघरूण घालतीस." आणि मागं उभ्या असलेल्या तुमच्या भावकीनं माना डोलावल्या. सगळ्यांनाच तसं वाटत होतं. अकरा वर्षं तुम्ही रोजचा एक दिवस काढत होता आणि मी घरात बसून तुम्हाला गावभर दारुडं ठेवलं होतं. शत्रूनं केलं नसतं. बायकोनं केलं, एका शब्दानं, आणि तेही अब्रू राखायला म्हणून.

तुमच्या रांगेतला एक जण त्या बाटलीकडं बघत होता. नवा होता, महिनाभर झाला असेल त्याला. मास्तरांनी त्याचा दंड धरला होता.

मी वाकले, बाटली उचलली आणि भावजींच्या हातात दिली. म्हटलं, टोपण लावा आणि लांब नेऊन ओता. मग वळले. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे, ट्रंक लाइनवर बेळगावपर्यंत जाईल असा. भटजी, भावकी, फौंड्रीची माणसं, पेढेवाल्या काकू, सगळे होते.

"ह्यांनी दारू सोडली होती," मी म्हटलं. "पक्की सोडली होती. मला ठाऊक होतं. मी बोलले न्हाई."

भटजी म्हणाले, नैवेद्य गाईला घालू या, चालतं. मी म्हटलं, घाला. कावळा शिवला असता तर गाव म्हणालं असतं, बघा, ऐकलं. तो शिवला नाही. ऐकायला सगळी होती, तुम्ही सोडून.